मूळ चिप काढायची नाही

श्रीनिवास टेंब्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती: मूर्ख, आणि ज्यांच्याशी अजून बोलायची वेळ आलेली नाही अशी. 'आठ-बिट मंडळा'त दोनशे अकरा सभासद होते, आणि दुर्दैवानं टेंब्यांना त्या सगळ्यांशी बोलावं लागलं होतं.

साल दोन हजार एकोणचाळीस. घरोघरचे संगणक आता इतके शहाणे झाले होते, की तुम्ही तोंड उघडायच्या आत तुमचं वाक्य पुरं करून मोकळे. कळफलक नावाची काही वस्तू असायची, हे नातवंडांना सांगून पटत नव्हतं. अशा दिवसांत मुलुंड, कोथरूड, नाशिक, बेळगाव इथल्या काही निवृत्त मंडळींना पन्नास वर्षांपूर्वीच्या संगणकांचा उमाळा आला. माळ्यावरून, भंगारवाल्याकडून, शाळांच्या अडगळीतून त्यांनी ती पिवळी पडलेली डबडी मिळवली, पुसली आणि दिवाणखान्यात मांडली. "ह्या यंत्रांना स्वतःची अक्कल नाही, हेच ह्यांचं सौंदर्य," असं मुलुंडच्या वर्टीकरांनी ग्रुपवर लिहिलं. एकशे चाळीस जणांनी त्याला हात जोडले.

"अक्कल नसल्याचं सौंदर्य बघायला डबडं कशाला हवं? आरसा नाही का घरात?" टेंबे बायकोला म्हणाले.

कुमुदताई शेंगा सोलत होत्या. "मग तुम्ही कशाला राहता त्यांच्यात?"

टेंब्यांनी एक दाणा उचलून तोंडात टाकला. चाळीस वर्षं त्यांनी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आखले होते. आता बोर्ड यंत्रंच आखत, तेही चहा निवायच्या आत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ह्या त्र्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला काही विचारावं, असं जगाला वाटेनासं झालं होतं. ते दोनशे अकरा मूर्ख मात्र त्यांना 'टेंबेसर' म्हणत. टेंब्यांना ते आवडायचं, आणि आवडतं ह्याचीच त्यांना चीड यायची.

तर ह्या मंडळाला हवी होती पाटी. म्हणजे तळहाताएवढा एक बोर्ड. जुन्या संगणकाच्या पोटात तो बसवला, की त्याची मेमरी हजारपट वाढणार, आजचा स्क्रीन जोडता येणार, मरू घातलेलं यंत्र आणखी वीस वर्षं चालणार. भोसरीचा कारखाना दोनशेच्या खाली नग काढायला तयार नव्हता, म्हणून सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची ठरली. दोन वर्षांपूर्वी वर्टीकरांनी हाच घाट घातला होता आणि त्यातून फक्त एक बोधचिन्ह निघालं होतं. आखणीपासून वर्गणीसाठी मागे लागण्यापर्यंतची सगळी उठाठेव मग टेंब्यांच्या गळ्यात पडली.

उठाठेव म्हणजे काय, तर मुख्यतः यादी. ह्या लोकांची यादीची एक रीत होती. एकानं यादी टाकायची. पुढच्यानं ती सबंध कॉपी करायची, तळाशी आपलं नाव जोडायचं आणि पुन्हा टाकायची. दोघांनी एकाच मिनिटाला हे केलं, की एकाचं नाव गडप! मग तो रुसायचा, मग नवी यादी, मग त्यात आणखी दोघं गडप. टेंब्यांनी यादी आपोआप सांभाळणारी सोय करून दिली, ती कुणी वापरली नाही. "सर, हाताच्या यादीची मजा वेगळी," म्हणे. आणि ही सगळी माणसं उभी हयात संगणक क्षेत्रात काढलेली! टेंब्यांनी कपाळाला हात लावला.

पण खरा कहर झाला तो मूळ चिपवरून. टेंब्यांची आखणी सरळ होती. जुन्या मेमरीच्या चिप उपटायच्या, फेकायच्या आणि तिथं पाटी खोचायची. ग्रुपवर आकांत झाला. मूळ चिप काढायची? मग त्या यंत्रात मूळचं राहिलं काय? बेळगावच्या एकानं तर 'अवयव काढण्या'ची उपमा दिली. मतदान झालं. एकशे त्र्याऐंशी विरुद्ध सात. मूळ चिप काढायची नाही. पाटी तिच्या डोक्यावर बसवायची, आणि चिपनं होईल तितकं काम करत राहायचं.

"मेलेल्या म्हाताऱ्याला पंगतीत बसवायचं आणि त्याच्या पानात वाढायचं," टेंबे म्हणाले. पण आखणी त्यांनी बदलली. का, तर ती अवघड होती, आणि अवघड गोष्ट पाहिली की टेंब्यांना राहवत नसे.

अडचण अशी होती. त्या जुन्या मेमरीच्या प्रत्येक घरात दोन बारीक स्विच एकमेकांना रेटत उभे असतात. डावा वरचढ ठरला तर ते शून्य, उजवा ठरला तर एक. वीज गेली की दोघंही आडवे, आणि त्या घरातलं सगळं पुसलं जातं. पुन्हा वीज आली, की कुस्ती नव्यानं लागते. कधी हा जिंकतो, कधी तो. पण एकच गडी वर्षानुवर्षं वरचढ राहिला, तर सतत जोर लावून लावून तोच आतून झिजतो. मग पुढे कधीही वीज सोडा, पहिल्या झटक्याला त्याचा प्रतिस्पर्धी जिंकतो. चिप विसरते हे खरं. पण जे तिनं वर्षानुवर्षं धरून ठेवलं, त्याचा उलटा ठसा तिच्या अंगात राहतो.

अशा झिजलेल्या घरांवर काम सोपवायचं, तर कुठलं घर कुठं झुकतं हे आधी कळायला हवं. पूर्वी हे मोजायला प्रयोगशाळा लागायची. कानात बसवायच्या श्रवणयंत्रांसाठी तीन वर्षांपूर्वी एक टिकलीएवढा मोजक निघाला आणि मातीमोल भावात मिळू लागला. टेंब्यांनी तो पाटीवर बसवला. यंत्र सुरू झालं, की मोजक प्रत्येक घराची कुस्ती हजार वेळा लावून पाही आणि त्याचं कोष्टक स्क्रीनवर दाखवी. टेंब्यांच्या लेखी ते नुसतं कोष्टक होतं. एकशे त्र्याऐंशी मूर्खांच्या हट्टापायी आपण काय बनवून बसलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नमुन्याची पहिली पाटी भोसरीहून आली, त्याच आठवड्यात फोन आला.

"टेंबेसर, मी शीतल चौगुले, आष्ट्यातनं. यादीत माझं नाव दिसंना झालंय."

"तुम्ही एकशे सत्तावन्नावे होतात. त्याच मिनिटाला बेळगावकरांनी जुनी यादी कॉपी केली आणि तुम्ही गेलात."

"मग आता?"

"आता काय? शोकसभा घ्या," टेंबे म्हणाले. मग थोडं नरमले. "मशीन कुठलं आहे?"

"जरा येगळंच हाय सर. कंपनीचं नाव न्हाई त्याच्यावर. पाटी बसती का न्हाई, कोण जाणे. तुमच्याकडं घिऊन येऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शीतल चौगुले टेम्पोतून उतरले. साठीचा माणूस, आष्ट्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान, बोटांना वॉर्निशचे डाग. एका हातात घरच्या हळदीची पिशवी आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं यंत्र. टेबलावर ठेवून त्यांनी चादर सोडली, आणि टेंबे जागच्या जागी थिजले.

राखाडी पत्र्याची पेटी. पुढच्या बाजूला आकडे दाखवायची काच. तिच्यासाठी पत्रा टेंब्यांनी स्वतः कापला होता, डावीकडे जरा तिरकाच. वर रंगानं लिहिलेलं: आंबेश्वरी सहकारी साखर कारखाना, काटा क्रमांक २.

"कारखाना मोडला तवा वडलांनी लिलावात घेतलं," शीतल म्हणाले. "भंगारात, वजनावर. बाबगोंडा चौगुले त्यांचं नाव. तुमाला आठवत नसंल."

टेंब्यांना आठवत होतं.

एकोणीसशे एकोणनव्वद साली टेंबे तेवीस वर्षांचे होते आणि त्यांच्याएवढा हुशार माणूस जिल्ह्यात नाही, अशी त्यांची खात्री होती. ती बरीचशी खरीही होती. उसाच्या गाड्या वजन करणारा काटा संगणकावर चालवायचं काम आंबेश्वरीनं त्यांना दिलं. ते पुरं होत आलं, तेव्हा वरून निरोप आला: भरल्या गाडीमागे टनाला पंचवीस किलो 'ओलावा' वजा करायचा. कागदावर नाही, यंत्राच्या आत. टेंब्यांनी का कू केलं नाही. धमकी नव्हती, आमिषही नव्हतं. त्यांना ते कोडं म्हणून आवडलं, एवढंच. निरीक्षक येऊन प्रमाणित वजनं ठेवतो, ती सगळी मिळून टनभर. म्हणून टेंब्यांनी वजावट ठेवली आठ टनांच्या वर. रिकामी ट्रॉली बरोबर, निरीक्षकाची वजनं बरोबर, भरलेली ट्रॉली तेवढी कमी. सात ओळींचं काम. शेवटी त्यांनी आपलं नावही टाकलं, कारण इतकं सुबक काम बिननावाचं सोडवेना. बॅटरीच्या जोरावर ते सगळं त्या मेमरीत अकरा वर्षं तसंच्या तसं बसून होतं. मग चौकशी लागली, आणि चौकशीच्या आदल्या दिवशी टेंब्यांनी बॅटरी काढली. सगळं पुसलं गेलं.

ह्या अकरा वर्षांत एकच माणूस ओरडत राहिला. बाबगोंडा चौगुले वाटेतल्या खाजगी काट्यावर आपली ट्रॉली तोलून आणायचा आणि कारखान्याच्या दारात भांडायचा. दुसऱ्याच वर्षी वार्षिक सभेत, दोन हजार माणसांसमोर चाचणी झाली. वजनं ठेवली, काटा ग्रामभरसुद्धा चुकला नाही. टेंब्यांनी माईक घेतला आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावून सांगितलं, की यंत्राला ना जात ना गट, ते कशाला खोटं बोलेल? लोक हसले. बाबगोंडाला हात जोडून माफी मागायला लावली. पुढे गावात त्याला काटेवाला म्हणू लागले, ते मरेपर्यंत.

"मी व्हतो त्या सभेला," शीतल म्हणाले. "बारा वर्साचा असंन. बाबांच्या शेजारीच बसलेलो."

"हो का?"

"तुमी काय बोलला सर त्या दिवशी! मला पार पटलं. मशीन खोटं बोलत न्हाई. तवाच ठरवलं, आपण असल्याच कामात पडायचं. कॉलेज काय जमलं न्हाई, पर मोटारी तरी बांधाय शिकलो." ते हसले, मग हसणं थांबलं. "बाबा मरस्तोवर ह्या पेटीला हात लावून सांगायचे, हिच्या पोटात हाय ते. मिरजेपातूर सगळ्या दुकानांत दावून आले. समदी म्हणाली, आत काय बी न्हाई. मला लई लाज वाटायची त्यांची. मी त्यांच्यासंगं नीट बोललोच न्हाई कधी. आता वाटतं, बोलाय पायजे व्हतं. येडं का असंना, बापच की."

टेंबे उठून उगाच पाणी प्यायले. मग हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी पेटी उघडली आणि पाटी मूळ चिपच्या डोक्यावर बसवली. यंत्र सुरू केलं. मोजकानं काम केलं आणि स्क्रीनवर कोष्टक उमटलं.

शीतलला त्यात अगम्य चिन्हांची रांग दिसली. ती तशीच दिसणार, कारण ठसा उलटा होता. टेंब्यांचं डोकं मात्र पन्नास वर्षं हेच करत आलेलं. त्यांनी मनातल्या मनात शून्याचा एक केला, एकाचं शून्य केलं, आणि तिसऱ्या ओळीला त्यांना आपलीच आठ टनांची अट दिसली. खाली पंचवीस किलो. त्याच्या खाली टेंबे.

"हे काय हाय सर?"

"कचरा," टेंबे म्हणाले. "जुन्या चिपमध्ये असतो. आठ दिवस ठेवा इथं, साफ करून देतो."

"बरं. तुमी म्हनाल तसं," शीतल म्हणाले, आणि हळदीची पिशवी कुमुदताईंच्या हातात देऊन निघून गेले.

साफ करणं खरोखर शक्य होतं. चिप तापत ठेवायची आणि तिच्यात मूळच्या उलट मजकूर भरून ठेवायचा, म्हणजे आजवर आराम केलेला गडी झिजतो आणि दोघं सारखे होतात. अकरा वर्षांचा ठसा आठ दिवसांत जातो. टेंब्यांनी त्याच दुपारी चिप तापायला लावली. जेवताना कुमुदताईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. लपवायचं कशाला, हा त्यांचा बाणा. त्यांना वाटलं, ती म्हणेल, झालं गेलं.

कुमुदताईंनी ताट बाजूला सारलं. "म्हणजे तो वेडा नव्हता."

"वेडा नव्हता, पण सिद्ध करता येईना त्याला. ट्रॉली भरून चाचणी घ्या म्हणायचं सुचलं नाही. आठ टनांची वजनं मागवली असती, तर मी संपलो असतो. एवढी साधी गोष्ट!"

"म्हणजे चूक त्याचीच," कुमुदताई म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांना मूर्ख म्हणत आलात. आता एकाला मूर्ख ठेवायला शेगडी पेटवून बसलाय. शोभतं तुम्हाला!"

त्या दिवसापासून त्यांनी टेंब्यांच्या चहाचा कप टेबलावर ठेवून निघून जायला सुरुवात केली. टेंब्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. रोज सकाळी ते कोष्टक बघत. तिसऱ्या दिवशी अटीची अर्धी ओळ फिकी झाली होती. आणखी पाच दिवस, की बाबगोंडा चौगुले कायमचा खोटा. भोसरीला पाठवायच्या आखणीतून कोष्टक दाखवायची सोय काढून टाकायची, की दुसऱ्या कुठल्याही पेटीतून काही निघायची भीती नाही. सगळं नीट जमत होतं, आणि टेबलावरचा चहा रोज निवून जात होता.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"सर, एक इचारायचं व्हतं," शीतलचा आवाज. "मशीन लई बिघडलंय का? मी म्हनतो, तुमाला तरास कशाला? बाबा जाताना म्हणाले व्हते टाकू नगं, म्हणून ठेवलं. पर आता तुमीच म्हनला कचरा हाय. तर मग भंगारात घालू का? तुमी सांगाल तसं करतो."

किती सोपं होतं. घाला म्हणायचं, संपलं. टेंब्यांनी तोंडही उघडलं. पण त्यांच्या आत भलतंच काहीतरी उसळून आलं. ह्या माणसाचा राग आला त्यांना. असा कसा हा? काही विचार नाही, शंका नाही, जे सांगावं ते गिळतो! एवढा बिनडोकपणा त्यांना अगदी सहन होईना.

"तुम्हाला अक्कल आहे का हो?" ते फोनवर ओरडले. "मी सांगेन तसं काय करता? कोण मी? एका उपटसुंभानं माईकवर चार वाक्यं टाकली आणि तुम्ही स्वतःच्या बापाला वेडा ठरवून बसलात! पन्नास वर्षं! दुसऱ्या काट्यावर वजन करून आणत होता तो माणूस, डोळ्यांनी आकडा बघत होता. तुम्ही एकदा तरी गेलात का त्याच्याबरोबर? त्याचं बरोबर होतं! पेटीच्या पोटात आहे ते! मीच घातलंय!"

पलीकडे कुणीतरी मोटार तपासत होतं, ती घरघर बंद झाली.

"काय म्हनला सर?" शीतल म्हणाले.

टेंब्यांनी खुर्ची ओढली. मग त्यांनी सांगितलं: आठ टन, पंचवीस किलो, निरीक्षकाची वजनं, बॅटरी, खालचं नाव, चार दिवसांची शेगडी. काहीही गाळलं नाही.

तासाभरानं शीतल मोटारसायकलवरून आले. टेंब्यांनी चिपची वीज केव्हाच काढून ठेवली होती. कोष्टक सुलटं करून त्यांनी छापील कागद काढला होता. अट निम्मी पुसट झालेली, पण पंचवीस किलो आणि टेंबे हे दोन्ही ठसठशीत. शीतलनं कागद उभ्यानंच वाचला.

"ग्रुपवर लिवा," ते म्हणाले. 'सर' त्यांनी लावलं नाही.

"ग्रुपवर? त्या लोकांना काय त्याचं?"

"सभेत दोन हजार माणसं व्हती. हितं दोनशे तरी हायत. लिवा."

टेंब्यांनी लिहिलं. नाव, गाव, साल, सगळं. बाबगोंडा चौगुले खरं बोलत होते आणि मी खोटा होतो, हे वाक्य त्यांनी पहिलं घातलं. पाठवल्यावर ते स्क्रीनकडे पाहत बसले. शिव्या येतील, आपल्याला काढून टाकतील, ह्याची त्यांनी तयारी केली होती.

पहिलं उत्तर नाशिकहून आलं. "सर, पाट्या दिवाळीआधी मिळतील का?"

दुसरं, नुसता एक अंगठा.

तिसरं वर्टीकरांचं. "म्हणजे आपल्या पाटीनं मूळ चिपमधलं जुनं वाचता येतं? अप्रतिम फीचर सर! माझं मशीन एका वकिलाच्या ऑफिसातलं आहे. बघायलाच हवं!" त्याच्याखाली भराभर लोक लिहू लागले, कुणाचं कुठून आलेलं. एकाचं पतपेढीतलं, एकाचं दवाखान्यातलं, एकाला ते चुलत्याच्या कपाटात सापडलेलं. ह्या दोनशे डबड्यांतून आणखी कुणाकुणाचं काय बाहेर येईल, ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तेवढ्यात बेळगावकरांनी यादी कॉपी करून पुन्हा टाकली, आणि तिच्यातून दोन नावं गळाली.

"मूर्ख," टेंबे पुटपुटले.

शीतलनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की तो शब्द टेंब्यांच्या तोंडातच सुकला.

"चला," ते म्हणाले. "आई हाय अजून."

आष्ट्यापर्यंत टेंबे मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. चौगुल्यांचं घर गावाबाहेर मळ्यात. समोर बांबूचं फाटक, अंगणात हळद वाळत घातलेली. ओसरीवर पद्मावतीबाई बसल्या होत्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या, नजर अजून तीक्ष्ण. शीतलनं पेटी खाली ठेवली, आईच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि कागद उलगडला.

"आई, बाबांचं खरं व्हतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "काटा खोटा व्हता. ह्यात हाय लिवलेलं. मशिनीत सापडलं."

पद्मावतीबाईंनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"मला काय सांगतोस?" त्या म्हणाल्या. "मी कवा त्यांना खोटं म्हनलं? तू म्हनलास. माझ्यासंगं उभं आयुष्य काढलं त्या मानसानं, कुनाच्या बांधावरचं लिंबू बी न इचारता उचललं न्हाई. त्यो म्हनला काटा खोटा, तर काटा खोटा. त्येला कागद कशाला लागतोय?" त्यांनी पोराच्या हातातला कागद काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "बाप काय व्हता ते कळाय तुला मशीन लागलं."

शीतल तिथंच बसून राहिले. साठ वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडत होता. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि त्यांना उठवलंही नाही.

टेंबे अंगणात उभे होते. त्यांनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. माफीची, वयाची, तेव्हा मी लहान होतो अशी. बाई शिव्या देतील, थुंकतील, हातातली काठी उगारतील. त्यातलं काहीही त्यांना चाललं असतं.

पद्मावतीबाईंची नजर त्यांच्यावर पडली. "आनि हे कोन?"

शीतलनं मान वर केली नाही. टेंबे पुढे झाले.

"मी टेंबे," ते म्हणाले. "काट्यात ते मी घातलं होतं. सभेत बोलणारा मीच."

बाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखं केलं, आणि मग तो सोडून दिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "जाताना फाटक लावून घ्या. शेळ्या आत येत्यात, हळद वाळत घातलीया."

टेंब्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. बाई हळकुंडं वरखाली करू लागल्या होत्या. मग ते बाहेर आले, फाटक ओढलं, कडी घातली, आणि ती नीट बसली की नाही ते दोनदा हलवून पाहिलं.